मधातलं आलं का फसफसलं, आणि आलं पावसाळ्यापर्यंत कसं टिकवायचं

खानापूरच्या एका ताईंचा प्रश्न असा: दिवाळीनंतर बाजारात आलं स्वस्त मिळालं, म्हणून पाव किलो आलं सोलून, धुऊन, किसून अर्धा किलो जंगली मधात घातलं. बरणी ओट्यावरच ठेवली. चौथ्या दिवशी वर फेस आला, आठव्या दिवशी झाकण फुगलं, उघडल्यावर फुस्स करून हवा सुटली आणि आंबूस वास आला. मध वर्षानुवर्षं नासत नाही म्हणतात, मग हा कसा आंबला? आणि आलं पावसाळ्यापर्यंत टिकवायचं तर नेमकं काय करावं?

ताई, मध पातळ झाला म्हणून आंबला. हिशेब मांडून बघा. ओल्या आल्यात साधारण ८० टक्के पाणी असतं. म्हणजे तुमच्या २५० ग्रॅम आल्यातून २०० ग्रॅम पाणी आलं. चांगल्या मधात पाणी १८ ते २० टक्के. जंगली मध २० टक्क्यांचा धरला, तर अर्ध्या किलोत १०० ग्रॅम पाणी. दोन्ही मिळून ७५० ग्रॅम मालात ३०० ग्रॅम पाणी झालं, म्हणजे ४० टक्के. मध टिकतो तो त्यातल्या दाट साखरेमुळं. ती साखर यीस्टच्या, म्हणजे आंबवणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या, अंगातलं पाणीच ओढून घेते, त्यामुळं यीस्ट मधात असतं पण निपचित पडून राहतं. पाणी २० टक्क्यांच्या वर गेलं की ते जागं व्हायला लागतं, आणि ४० टक्क्यांना तर त्याला मोकळं रानच मिळतं. फेस आणि फुगलेलं झाकण हा त्याचाच वायू.

त्यात जोयडा, चोर्ला, जांबोटीकडच्या जंगलातला मध मुळातच जरा पातळ असतो, कारण तिकडची हवा दमट. पोळ्याच्या घरांवर मेणाची झाकणं पडायच्या आत काढलेला मध तर आणखी पातळ. मोजायचं यंत्र, म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर, मधपाळांकडं असतं. घरात चमचा उचलून बघायचा. दाट मधाची धार दोरीसारखी पडते आणि खाली क्षणभर घडी घालून बसते. पातळ मध पडल्या पडल्या सपाट होतो. सपाट होणारा मध पाण्यात घालून प्यायला उत्तम, पण आलं टिकवायला तो घेऊ नका.

आता त्या बरणीचं काय? जीव चुटपुटेल, तरी टाकून द्या, चाखूनही बघू नका. नुसतं आंबणं फार मोठं संकट नव्हे, पण पाणी वाढलेल्या मधात दुसरं एक भय असतं. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू मातीत असतात, म्हणून मातीतल्या आल्यावर असतात, आणि कधी कधी मधातही असतात. दाट मधात ते वाढत नाहीत. हवा नाही, पाणी भरपूर आणि आंबटपणा कमी, म्हणजे पीएच ४.६ च्या वर, असं तिन्ही जुळलं तर ते वाढतात आणि विष तयार करतात. या विषाला रंग नसतो, वासही नसतो. मध स्वतः आंबट असतो, त्याचा पीएच बहुतेक ४ च्या आसपास. पण आल्याचा ६ च्या जवळ असतो, आणि निम्म्याइतकं आलं घातलं की आंबटपणा कुठं जाऊन थांबला हे डोळ्यांना कळत नाही. हे भय टाळण्यासाठी पुढच्या कृतीत लिंबू आहे, ते चवीपुरतं समजून गाळू नका.

इथंच आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडं बाळाला मध चाटवायची रीत आहे, बाळगुटीतली सुंठही मधात उगाळतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, बोटभरही नाही, कितीही शुद्ध असला तरी नाही. ते बीजाणू मोठ्यांच्या पोटात निपचित राहून निघून जातात, तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र वाढू शकतात.

मधात आलं ठेवायची माझ्या मते दोनच पद्धती भरवशाच्या आहेत.

पहिली, आलं सुकवून मग मधात. २५० ग्रॅम सोललेलं आलं घ्या, कोवळं असलं तर उत्तम. किसू नका. किसलं की रस सुटतो आणि सगळं पाणी एकदम मधात जातं. दोन मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा, रेषा आडव्या कापल्या जातील अशा. १०० मिली लिंबाच्या रसात अर्धा तास बुडवून ठेवा, मध्ये दोनदा हलवा. निथळून मलमलीच्या फडक्यावर एकेक चकती सुटी पसरा आणि पंख्याखाली रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी वरून जाळी टाकून उन्हात. या कृतीत तराजू सोडायचा नाही. २५० ग्रॅमचं आलं ७५ ते ८० ग्रॅमवर आलं पाहिजे. चकती वाकते पण मोडत नाही, बोटाला ओल लागत नाही, कडा आत वळलेल्या दिसतात, तेव्हा साधारण एवढं वजन झालेलं असतं. चिक्कोडी-अथणीकडच्या उन्हात हे दीड दिवसात होतं. खानापूरला डिसेंबरात सकाळी धुकं आणि दव असतं, तिथं दहानंतर बाहेर काढा आणि चारला आत घ्या, तीन दिवस धरा.

आता यात १८ टक्क्यांचा दाट मध ७५० ग्रॅम घातला, तर मधातलं १३५ ग्रॅम आणि आल्यातलं ३० ग्रॅम, असं १६५ ग्रॅम पाणी होतं ८३० ग्रॅम मालात. म्हणजे २० टक्क्यांच्या आत. तुमच्या बरणीतल्या ४० टक्क्यांशी ताडून बघा. मध ६०० ग्रॅमपर्यंत कमी केला तरी फार बिघडत नाही, त्याच्या खाली जाऊ नका.

बरणी काचेची, दहा मिनिटं उकळलेली आणि पूर्ण वाळवलेली. उकळून ओलीच भरली तर तळाशी राहिलेला चमचाभर पाण्याचा थर पुन्हा तोच त्रास देतो. पत्र्याच्या झाकणाखाली बटर पेपर घाला, नाहीतर आंबटपणानं झाकण गंजतं. वर चौथाई बरणी रिकामी सोडा. चकत्या भरल्या की त्या तरंगतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बरणी उजेडाला धरली तर एक गोष्ट दिसते. खाली मध जाड आणि गडद, वर चकत्यांच्या भोवती बोटभर उंचीचा फिकट, पाण्यासारखा हलणारा थर. आल्यातलं उरलेलं पाणी आधी इथं जमतं. सगळ्या बरणीची सरासरी बरोबर असली तरी या थराची नसते, म्हणून बुरशी आणि फेस नेहमी वरून सुरू होतो. पहिले आठ दिवस रोज सकाळी कोरड्या चमच्यानं तळापासून वर ढवळा. आठव्या दिवशी ४.६ च्या आजूबाजूचे आकडे नीट दिसतील अशा पीएच पट्टीनं तपासा. थेंबभर मध तेवढ्याच पाण्यात मिसळून पट्टी बुडवायची. ४.६ च्या वर असेल तर ती बरणी ठेवायची नाही. बरोबर असेल तर फ्रिजमध्ये ठेवून तीन महिन्यांत संपवा.

थंडीत मध साखरतो, बेळगावच्या जानेवारीत तर हमखास. साखरला म्हणजे बिघडला असं नाही, पण आलं घातलेल्या मधात दुर्लक्ष करू नका. ग्लुकोजचे खडे खाली बसले की वर राहिलेल्या पातळ भागात पाण्याचं प्रमाण वाढतं, आणि आधी न आंबलेला मध त्यामुळं आंबू शकतो. हाताला सोसेल एवढ्या, ४० अंशांच्या पाण्यात बरणी ठेवून खडे विरघळवा आणि ढवळून एकजीव करा. गॅसवर ठेवू नका.

दुसरी पद्धत जास्त कष्टाची आहे, पण मला विचाराल तर खरी हीच: आधी मुरंबा, मग मध. यात आलं शिजतं, त्यातल्या पाण्याची जागा साखर घेते, आणि मग मधाला पातळ करायला आल्यात फारसं काही उरत नाही.

अर्धा किलो कोवळं आलं, चार मिलिमीटरच्या चकत्या. भरपूर पाण्यात उकळत ठेवा, काटा सहज आरपार जाईपर्यंत. कोवळ्याला अर्धा तास, जूनला पाऊण तासाहून जास्त. पहिलं पाणी बाजूला काढून नवं घातलं तर तिखटपणा सौम्य होतो, काढलेलं पाणी चहाला वापरा. आलं नीट शिजायच्या आत पाकात टाकलं तर काय होतं ते लक्षात घ्या: दाट पाक आल्यातलं पाणी झपाट्यानं ओढतो, साखर मात्र तेवढ्या वेगानं आत शिरत नाही. चकती आक्रसते, चामड्यासारखी होते, आणि मग कितीही उकळली तरी मऊ पडत नाही. म्हणून पाकही एकदम दाट करायचा नाही. ६०० ग्रॅम साखर, ३०० मिली पाणी, दोन मोठे चमचे लिंबाचा रस. लिंबानं साखरेचे काही कण फुटतात, त्यामुळं पाक पुढं खडे धरत नाही. या पाकात शिजलेलं आलं वीस मिनिटं मंद उकळा आणि झाकून २४ तास ठेवा. दुसऱ्या दिवशी पाक पातळ झालेला दिसेल, पुन्हा उकळून एकतारीच्या जवळ आणा, पुन्हा २४ तास ठेवा. तिसऱ्या दिवशी पक्का एकतारी करा. चकत्या काचेसारख्या अर्धपारदर्शक दिसल्या की आतपर्यंत साखर गेली. मधोमध पांढरट ठिपका असेल तर अजून एक दिवस द्या.

थर्मामीटर वापरणाऱ्यांसाठी: मुरंब्याला १०५ अंश असं जिथं तिथं लिहिलेलं असतं, ते समुद्रसपाटीचं. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर, इथं पाणीच ९७ ते ९८ अंशांना उकळतं. त्यामुळं पाक १०२ ते १०३ ला उतरवा. १०५ पर्यंत नेलात तर थंड झाल्यावर फार घट्ट होईल.

असा मुरंबा नुसता ठेवला तरी टिकतो. मधातलाच हवा असेल तर चकत्या चाळणीवर रात्रभर निथळा, बरणीत भरा आणि वर बुडेल एवढा दाट मध ओता. कोरड्या फडताळात सहा महिने राहतो. उरलेला पाक सरबताला.

जाता जाता दुधाचं. कच्च्या आल्यात दूध फाडणारं एन्झाइम असतं, शिजवलं की ते निकामी होतं. पहिल्या पद्धतीचं मध-आलं गरम दुधात घातलं तर दूध फाटू शकतं, ते कोमट पाण्यातच घ्या. मुरंब्याला हा त्रास नाही. चहातही आलं आधी पाण्यात तीन-चार मिनिटं उकळून मग दूध घालतात ते याचसाठी.

कुठलं आलं घ्यायचं हे पद्धतीवर ठरतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात येणारं आलं सहा महिन्यांचं, कोवळं: साल नखानं निघते, मोडलं की रेषा कमी दिसतात. ते मधाला, मुरंब्याला, लिंबातल्या आल्याला. जानेवारी-फेब्रुवारीचं आठ-नऊ महिन्यांचं, साल घट्ट, मोडताना दोरे निघतात, वास तीव्र. ते सुंठीला आणि साठवणीला. आपल्या बाजारात हासन-शिमोग्याकडून येणारं आलं मोठ्या पंज्याचं आणि रसाळ असतं. यंत्रानं धुतलेल्या चकचकीत आल्याची साल जागोजागी खरवडलेली असते आणि ते लवकर सडतं. टिकवायला थोडी माती लागलेलंच घ्या. आणि भाषेचा एक घोळ: कानडीत शुंठी म्हणजे आलंच, हसी शुंठी ओलं आणि ओण शुंठी वाळलेलं. शेजारच्या कानडी मावशींनी सांगितलेल्या कृतीतली शुंठी कुठली ते विचारून घ्या, कारण एक किलो आल्याची सुंठ जेमतेम २०० ग्रॅम होते. पाचपट तिखटाचा फरक पडतो.

महिनाभर पुरवायचं असेल तर यातलं काहीच करू नका. आलं न धुता, माती झटकून, कागदात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, तीन-चार आठवडे राहतं. प्लास्टिकच्या बंद पिशवीत घाम धरतं आणि तुकडे मोडलेल्या जागी बुरशी येते. कापल्यावर आत निळसर-करडं कडं दिसलं तर ते काही जातींच्या आल्यात असतंच, घाबरू नका. मऊ, पाणी सुटलेलं, कुजका वास येणारं मात्र टाका.

फ्रिज नसेल तर वाळू. तळाला भोक असलेल्या कुंडीत चार बोटं वाळू, त्यावर एकमेकाला न टेकणारे पंजे, वर पुन्हा वाळू. ओल एवढीच, की मूठ दाबली तर गोळा होईल आणि बोट लावलं की फुटेल. सावलीत दोन-तीन महिने आलं टवटवीत राहतं. पाणी जास्त झालं की कंद सडतो, आणि एक सडला की शेजारचे जातात. पंधरा दिवसांनी उकरून बघत चला.

फ्रीझरमध्ये आलं सोलून अख्खं ठेवा आणि गोठलेलंच किसा. वितळू दिलं तर आतलं पाणी सुटून लगदा होतो. सहा महिने चालतं, पण पावसाळ्यात जिथं वीज तासन्‌तास जाते तिथं यावर विसंबू नका. वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही. आलं-लसूण पेस्ट तेल घालून ओट्यावर ठेवतात, ती सवय मोडा. तेलानं हवा बंद होते, आणि वर सांगितलेल्या जिवाणूला तेच हवं असतं. पेस्ट फ्रिजमध्ये आठवडाभर, त्याहून जास्त हवी तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून.

लिंबातलं आलं सगळ्यात सोपं. २५० ग्रॅम कोवळ्या आल्याच्या काड्या, २५ ग्रॅम मीठ, बुडेल एवढा लिंबाचा रस, साधारण १५० मिली. कोवळं असेल तर एक-दोन दिवसांत गुलाबी होतं, कारण कोंबाजवळच्या रंगद्रव्याला आंबटपणा मिळतो. जून आलं पिवळटच राहतं, त्यात काही चुकलेलं नसतं. काड्या रसाच्या वर उघड्या पडू देऊ नका. फ्रिजमध्ये दोन महिने.

आलेपाकाला आल्याच्या दुप्पट साखर. दूध किंवा साय घातली तर पंधरा दिवसांत संपवा, न घालता केला तर दोन महिने राहतो. गुळाचा आलेपाक चवीला सरस, पण गूळ हवेतली ओल ओढतो. जूनमध्ये त्या वड्या पाझरणार, तेव्हा मेअखेर संपतील एवढ्याच करा. सरबतासाठी रस काढला तर अर्धा तास भांडं हलवू नका. तळाशी पांढरा, खडूसारखा थर बसतो. ही भेसळ नव्हे, आल्याचंच स्टार्च आहे. वरचा नितळ रस ओतून घ्या, गाळ राहिला तर सरबत गढूळ होतं आणि उकळताना तळाला लागतं.

सुंठ करायची तर फेब्रुवारी-मार्चमध्येच. जून आलं रात्रभर पाण्यात भिजवून बांबूच्या कामटीनं किंवा चमच्याच्या कडेनं साल खरवडा. सुरीनं सोलू नका, वासाचं तेल सालीला लागूनच असतं. साल तशीच ठेवली तर आतली ओल निघत नाही आणि गाभ्यात बुरशी धरते. सात ते दहा दिवस उन्हात, रात्री घरात. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज यावा आणि मोडल्यावर आत कुठं मऊ लागू नये. पावसाळ्यात हिला बारीक तांबूस किडा लागतो. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत लागतो तोच हा, त्याला सुंठ आणि हळदही आवडते. फडक्याच्या पुरचुंडीत तो शिरतो, म्हणून घट्ट झाकणाची काचेची बरणीच हवी. मृगाच्या आधी एकदा कडक ऊन दाखवून, पूर्ण गार झाल्यावर भरा. गरम भरलीत तर बरणीतच घाम सुटतो. भुगा पडलेली सुंठ दळून वापरू नका, टाकून द्या.

वाळूतल्या आल्याला एप्रिलमध्ये डोळे फुटायला लागतात. ते खायला चालतं, फक्त जरा दोरेदार लागतं. एक-दोन ठसठशीत डोळे असलेले २०-२५ ग्रॅमचे तुकडे करून, काप एक दिवस सावलीत सुकवून, मेमध्ये कुंडीत चार-पाच सेंटिमीटर खोल लावा आणि वर पालापाचोळा पसरा. पाऊस लागला की कुंडीत पाणी साचू देऊ नका, म्हणजे दिवाळीला मधात घालायचं कोवळं आलं घरचंच निघेल.